देवघरातील छापील कागद

राजा रविवर्मा यांच्या छापील चित्रांविषयी आपल्याकडे पुष्कळ लिहिले गेले आहे. परंतु समीक्षकांचा डोळा बहुधा मूळ तैलचित्रावर असतो, आणि छापील प्रत त्यांच्या लेखी त्याची दुबळी नक्कल ठरते. हा निकष आम्हांस अपुरा वाटतो. विकण्यासाठी, भिंतीवर टांगण्यासाठी व जीर्ण झाल्यावर टाकून देण्यासाठी जो कागद छापला गेला, त्याचे मोल त्याने केलेल्या कामावरून ठरविले पाहिजे.

रविवर्मांनी १८९४ साली मुंबईत छापखाना काढला. यंत्रे व तंत्रज्ञ जर्मनीहून आले. १८९६ साली मुंबईत प्लेग उद्भवला. त्या साथीच्या काळातच छापखाना लोणावळ्याजवळ मळवलीस हलला, आणि कर्जापायी नव्या शतकाच्या आरंभी तो जर्मन तंत्रज्ञ फ्रिट्झ श्लायशर यांच्या मालकीचा झाला. पद्धत शिळाछापाची. चुनखडीच्या शिळेवर स्निग्ध शाईने आकृती काढावयाची. शिळेचा ओला भाग शाई झिडकारतो, रेखलेला भाग ती धरतो. प्रत्येक रंगास निराळी शिळा. एखादी जरा सरकली की लक्ष्मीच्या ओठांचा रंग गालावर उतरे. मूळ चित्रातील छटा अशा अनेक शिळांवर वाटून देणारा कारागीर आम्हांस भाषांतरकाराच्या योग्यतेचा वाटतो. चित्राखाली त्याचे नाव मात्र नसते.

देवळाची पायरी ज्यांना चढू दिली जात नसे, त्यांच्याही घरी या कागदाने देव पोहोचविला. घरोघरच्या स्त्रियांनी त्या लक्ष्मी-सरस्वतींना जर, टिकल्या व मणी शिवले. बाजारात विकत घेतलेली वस्तू त्या हातांनी आपली करून घेतली. मूळ तैलचित्राच्या वाट्याला हे भाग्य आले नाही.

तथापि दोषही सांगितलाच पाहिजे. एकाच चेहऱ्याची, एकाच वळणाची लक्ष्मी सर्वदूर गेली, आणि गावोगावच्या मूर्तिकारांची व चित्रकारांची निरनिराळी रूपे तिच्यापुढे फिकी पडली. पुढे तीच चित्रे आगपेट्यांवर, कापडाच्या तागांवरील तिकिटांवर आणि साबणाच्या कॅलेंडरांवर उतरली. देव्हाऱ्यातील रूप व मालाची खूण यांतील अंतर पुसट झाले. छापखान्याने भक्ती सुलभ केली, तसेच तिचे साचेही ठरवून टाकले. या दोन्ही गोष्टी एकत्र तोलल्याखेरीज या चित्रांस न्याय मिळणार नाही.

१९७२ साली मळवलीचा छापखाना आगीत सापडला. जे उरले, त्यातील पुष्कळसे सामान्य कुटुंबांच्या भिंतींवर व ट्रंकांच्या तळाशी उरले. म्हणून वाचकांस आमची विनंती आहे की जुने कॅलेंडर, लेबल वा हस्तपत्रक रद्दीत घालण्यापूर्वी त्याचा खालचा कोपरा पाहावा. तेथे बारीक अक्षरांत छापखान्याचे नाव असते. अनेक अनामिक कारागिरांची तेवढीच नोंद आपल्या हाती उरली आहे.