पाट, चौरंग आणि मशीनवरचे भरतकाम

रायपुरातल्या मराठी माणसाच्या बाहेरच्या व्यवहाराची भाषा हिंदी होऊन कितीतरी पिढ्या उलटल्या. 1758 मध्ये नागपूरच्या भोसले घराण्यातले बिंबाजी छत्तीसगडात आले आणि 1854 मध्ये नागपूरचे राज्य खालसा झाले. पुढे नोकरी-वकिलीच्या निमित्ताने आलेली कुटुंबे इथेच रुजली. माधवराव सप्रे यांनी 1900 मध्ये ‘छत्तीसगढ मित्र’ हे मासिक काढले ते हिंदीत, आणि लोकमान्य टिळकांचे ‘गीतारहस्य’ हिंदीत नेले तेही त्यांनीच. लिहिणे-वाचणे असे बदलत गेले, पण गणपतीला चौरंग लागतो, मुंजीत मातृभोजनाला पाट लागतो, रुखवतात सजवलेल्या वस्तू मांडाव्या लागतात, यात काही फरक पडला नाही. या लाकडी वस्तूंवर मशीनने भरलेली कापडी नक्षी कापून चिकटवण्याची जी कला आपल्या बायकांनी सांभाळली, तिच्याकडे आपण आजवर फावल्या वेळेची हौस म्हणून पाहिले. मला हे चुकीचे वाटते. मुलखापासून दूर असताना पाट आणि चौरंग अडगळीत जाऊ न देण्याचे काम या कलेने केले आहे, आणि तिच्यात खरी कारागिरी आहे.

पाट सजवण्याची रीत आपल्याकडे नवी नाही. सावंतवाडीचे चितारी पाट-चौरंग लाखेच्या रंगांनी रंगवत आले आहेत. ती कला क्षीण झाली तेव्हा तिथल्या राजघराण्याने 1970 च्या दशकात गंजिफांच्या पत्त्यांबरोबर तिलाही पुन्हा उभे केले. पण सावंतवाडीला चितारी हाताशी होता, परमुलखातल्या घराला तो कुठून मिळणार? या घरांत शिवणाचे मशीन मात्र होते. पुण्याच्या सेवासदनासारख्या संस्थांनी विसाव्या शतकाच्या आरंभापासून बायकांना शिवण-भरतकाम शिकवले होते, आणि 1930 च्या दशकात कोलकात्यात ‘उषा’ मशीन तयार होऊ लागल्यावर देशी यंत्र मध्यमवर्गीय घरांच्या आवाक्यात येत गेले. चिताऱ्याचे काम मशीनवर बसलेल्या गृहिणीने उचलले, असेच याकडे पाहिले पाहिजे. ब्रशाऐवजी सुई आली. कोयरी, कमळ, वेलबुट्टी मात्र तीच राहिली.

यावर पहिला आक्षेप ठरलेला असतो: मशीनने केले त्यात हाताचे काय? हे म्हणणारा बहुधा पायमशीनवर भरतकाम करायला बसलेला नसतो. साध्या शिलाईत मशीन कापड आपोआप पुढे सरकवते. भरतकामाला बसताना सुईशेजारचा फूट काढून टाकतात, खालचे दाते झाकतात किंवा उतरवतात, आणि कापड रिंगमध्ये ढोलाच्या पानासारखे ताणून सुईखालच्या पट्टीवर सपाट टेकवतात. आता यंत्र फक्त सुई वरखाली करते. टाका कुठे पडणार आणि किती लांब पडणार, हे दोन्ही हातांनी रिंग कशी फिरते त्यावर ठरते. पाय जोरात आणि हात संथ असला, तर टाके एका जागी साचून धागा तुटतो. हात घाईत आणि पाय सावकाश असेल, तर टाके लांब नि ढिले पडतात. पाकळी भरताना देठापासून टोकाकडे टाक्यांची दिशा वळवावी लागते, कारण रेशमी धाग्याची चमक त्या दिशेवरच अवलंबून असते. मागे बकरम लावून कडेचा टाका इतका दाट भरावा लागतो, की त्याला लागून कात्री फिरवली तरी सूत सुटू नये. हे सगळे बटण दाबून होत नाही. सुरतेत संगणकावर चालणाऱ्या मशीनवर भरलेली नक्षी आज बाजारात स्वस्त मिळते, आणि ती सफाईदार असते हे मान्यच. पण सारख्या मापाची, सारख्या रंगाची ती फुले एखाद्या विशिष्ट चौरंगासाठी भरलेली नसतात, आणि पाहणाऱ्याला ते लगेच कळते.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: कापड लाकडावर टिकत नाही, दोन पावसाळ्यांत कडा उचलतात. तसे होते खरे, पण त्यामागची कारणे समजून काम केले तर टळते. रायपुरात मे महिन्यात पारा 45 अंशांच्या आसपास जातो आणि जूनअखेर हवा ओलसर होते. लाकूड या बदलात फुगते-आकसते, पण रेषांच्या आडव्या दिशेने. लांबीच्या दिशेने जवळजवळ नाहीच. म्हणून लांब वेलपट्टी लाकडाच्या रेषांच्या दिशेने लावायची आणि आडव्या बाजूला सुटी, छोटी फुले अंतर ठेवून बसवायची. चकचकीत वॉर्निशवर फेविकॉल धरत नाही. म्हणून नक्षीची बाह्यरेषा आधी पेन्सिलीने उतरवून घ्यायची, तेवढी जागा कोरी ठेवायची आणि पॉलिश भोवतीने करायचे. फेविकॉल लावायचा तो ब्रशने, पातळ. जास्त झाला तर धाग्यात शिरून कडक डाग उमटतो. पाण्याने फेविकॉल सैल पडतो, तेव्हा जिथे अभिषेकाचे पाणी सांडणार किंवा माणूस बसणार, त्या जागेवर नक्षी नकोच. पाटाची कड, चौरंगाच्या बाजूची पट्टी, देव्हाऱ्याच्या दाराची बाहेरची बाजू, या तिच्या योग्य जागा. समईच्या ज्योतीजवळ तर धागा मुळीच नको. रेयॉन पेट घेतो, पॉलिस्टर वितळतो. वस्तू कशी वापरली जाणार हे ओळखून सजावटीची जागा निवडणे, यालाच मी कारागिरी म्हणतो. शिवाय कोरीवकाम एकदा झाले की ते कायमचे. इथे नक्षी जुनी झाली की ओल्या फडक्याने सोडवून नवी बसवता येते. पाट आजेसासूचा आणि त्यावरची वेल नातसुनेच्या हातची, असे दुसऱ्या कोणत्या सजावटीत साधते?

छत्तीसगडात राहून इथल्या कलेकडे पाठ का फिरवायची, हा प्रश्नही रास्त आहे. बस्तरच्या लाकडी कोरीवकामाला भौगोलिक मानांकन आहे, आणि शेजारच्या ओडिशातल्या पिपलीचे कापडी जोडकाम तर जगन्नाथाच्या रथयात्रेमुळे सर्वदूर पोचले आहे. पण इथे स्पर्धा कसली? बस्तरचा कारागीर लाकूड कोरतो; आपल्या बायका तयार लाकडावर धाग्याने काम करतात. इथल्या सुताराने घडवलेल्या चौरंगावर मराठी घरातली वेल बसते, तेव्हा दोन्ही मुलखांची ओळख एका वस्तूत येते. पिपलीची ठसठशीत, एकरंगी कापडी पाने आपल्या भरीव कोयरीशेजारी लावून पाहायला काय हरकत आहे? परमुलखातली कला नुसती जपून ठेवली की वाळते. तिला शेजाऱ्यांकडून चार गोष्टी घ्याव्या लागतात.

खरी काळजी वेगळी आहे. हे काम ज्यांच्या हातात आहे त्यांनी ते लिहून ठेवलेले नाही आणि बहुतेक पाटांवर करणारीचे नावही नाही. आपल्या मराठी मंडळाच्या हळदी-कुंकवाच्या कार्यक्रमांत तयार फुले चिकटवण्याच्या स्पर्धा ठेवण्यापेक्षा मशीनवर रिंग धरायला शिकवणारे दोन-तीन दिवसांचे वर्ग ठेवले, तर तरुण मुलींच्या आणि मुलांच्याही हाती काही लागेल. घरोघरच्या पाट-चौरंगांचे फोटो गोळा करून मंडळाच्या पुढच्या स्मरणिकेत छापता येतील. तोवर एक गोष्ट प्रत्येक घराने या गणपतीआधीच करावी: आपला पाट उलटा करावा आणि त्यावरची नक्षी कोणी भरली, कोणत्या वर्षी भरली, हे पक्क्या शाईने मागे लिहून ठेवावे.