उसंत मिळालेले युद्ध

कादंबरीचे नाटक होते, नाटकाचा बोलपट होतो, आणि दर वेळी आपण एकच प्रश्न विचारतो : मूळचे काय राहिले? या प्रश्नाची आपल्या समीक्षेला इतकी सवय जडली आहे की, रूपांतराने मुळातले काय उघड केले हे पाहायचे बहुधा राहूनच जाते. मी येथे ज्या रूपांतराविषयी लिहिणार आहे ते वाङ्मयातले नाही, व्हिडिओ गेममधले आहे. दिवाळी अंकाच्या पानांत हा विषय काहींना उपरा वाटेल. पण जिच्यात लय आहे, घाट आहे आणि मनाला अस्वस्थ करणारा आशय आहे, अशी कृती केवळ नाणे टाकून चालणाऱ्या यंत्रात जन्मली म्हणून तिला उंबरठ्याबाहेर उभे करावे, हे मला पटत नाही.

जपानमधील आयरेम या कंपनीने १९८७ साली ‘आर-टाइप’ हा खेळ काढला. एकटे विमान डावीकडून उजवीकडे जाते, समोरून ‘बायडो’ नावाचा शत्रू लोंढ्याने येतो, आणि आपण गोळ्या झाडीत राहतो. टप्पे आठ. वरवर पाहता हा त्या काळच्या इतर गोळीबारी खेळांसारखाच एक खेळ. परंतु ज्यांनी तो मन लावून खेळला त्यांना ठाऊक आहे की, नुसत्या चपळाईवर त्यात फार दूर जाता येत नसे. विमान एकदा पडले की मिळवलेली सारी शस्त्रे जात आणि मागच्या ठरावीक जागेपासून रिकाम्या हातांनी निघावे लागे. म्हणून खेळणारा प्रत्येक भिंत, प्रत्येक वळण पाठ करी. तिसऱ्या टप्प्यात तर एक प्रचंड युद्धनौका सारा पडदा व्यापून टाकते, आणि तिच्या अंगाभोवती फिरत, तिचा एकेक अवयव निकामी करीत जावे लागते. ही मारामारी नव्हे. हा वेढा आहे.

शिवाय ‘फोर्स’ नावाचा तो गोळा. तो विमानाच्या नाकाला लावता येतो, शेपटीला लावता येतो किंवा सोडून देऊन दूरवर लढायला पाठवता येतो. तो फुटत नाही, शत्रूच्या गोळ्या अडवतो. तो कोठे असावा, एवढा एकच निर्णय हा खेळ पुन:पुन्हा मागत असतो. म्हणजे डावपेचाचे बीज मुळातच होते. वेगाच्या दाट पदराखाली ते झाकलेले होते, इतकेच.

२००७ साली याच आयरेमने ‘आर-टाइप टॅक्टिक्स’ हा खेळ प्लेस्टेशन पोर्टेबल या हातात मावणाऱ्या यंत्रासाठी काढला; अमेरिकेत तो पुढच्या वर्षी ‘आर-टाइप कमांड’ या नावाने गेला. तोवर २००३ च्या ‘आर-टाइप फायनल’ने मालिकेचा निरोप घेऊन झाला होता, आणि त्या निरोपाच्या खेळात जमा केलेला विमानांचा मोठा थोरला संग्रह हाताशी होता. आता धावता पडदा थांबला. बुद्धिबळासारखी घरे आली, मात्र चौकोनी नव्हे, षट्कोनी. आणि आपण व शत्रू आळीपाळीने खेळू लागलो. एकट्या वैमानिकाच्या जागी ताफ्याचा सेनापती आला.

हे वाचून कोणालाही वाटेल की मूळ खेळाचा प्राणच काढून घेतला. मला उलट वाटले. नकाशा पूर्वीसारखाच बाजूने पाहिलेला आहे, वर-खाली भिंती, मध्ये अरुंद वाट. पूर्वी बटण दाबून धरले की मोठ्या तोफेत शक्ती साठे; येथे तीच तोफ भरायला काही पाळ्या लागतात, आणि दरम्यान मार बसला की भरलेले वाया जाते. पूर्वीची अर्ध्या क्षणाची धाकधूक येथे अर्ध्या तासाची झाली आहे. शत्रू दिसत नाही तोवर पुढे काय आहे ते कळत नाही, म्हणून टेहळणीचे विमान आधी पाठवावे लागते. आणि एक छोटा बदल तर मला फारच बोलका वाटतो. मूळ खेळात ‘पाव आर्मर’ नावाचे एक चिमुकले यान येई. त्याला फोडून शस्त्र उचलायचे, एवढाच त्याचा उपयोग. नव्या खेळात तेच यान आपल्या ताफ्यात आहे आणि इतरांना इंधन व दारूगोळा पुरवीत हिंडते. वैमानिकाला इंधनाची आठवण कधी झाली नव्हती. सेनापतीला ती क्षणोक्षणी होते.

दोष आहेत, आणि ते झाकण्यात अर्थ नाही. दर चकमकीला एक छोटे चलच्चित्र दाखवण्याचा या खेळाला सोस आहे. ते बंद ठेवता येते, तरीही एकूण चाल रेंगाळतेच. तबकडीतून मजकूर येईपर्यंत ताटकळावे लागते. विचार करण्यासाठी मिळालेली उसंत आणि यंत्रासाठी काढावी लागणारी कळ या दोन अगदी निराळ्या गोष्टी आहेत. पहिली लयीचा भाग असते, दुसरी लय मोडते. आगगाडीच्या प्रवासात मी हा खेळ बराच खेळलो, आणि कित्येकदा पडद्यापेक्षा खिडकीकडेच अधिक पाहिले.

तरी मी तो शेवटपर्यंत नेला, त्याचे कारण त्याचा उत्तरार्ध. (ज्यांना खेळायचा आहे त्यांनी हा परिच्छेद सोडून द्यावा.) बायडो हा परका शत्रू नाही, माणसानेच भविष्यात घडवलेले आणि काळाच्या प्रवाहातून मागे येऊन कोसळलेले ते शस्त्र आहे. ‘फोर्स’ही बायडोच्याच पेशींपासून केलेला. शत्रूचा गाभा नष्ट करून ताफा घरी निघतो, आणि दरम्यान तो स्वत:च बायडो झालेला असतो. सेनापतीची रोजनिशी आपण मोहिमेगणिक वाचत आलेलो असतो. ती तशीच पुढे चालू राहते. त्याला फक्त पृथ्वीवर परतायचे आहे, आणि आपलीच माणसे आपल्यावर तोफा का डागतात हे त्याला उमगत नाही. यापुढचे सगळे डाव आपण बायडोच्या बाजूने खेळतो.

या कल्पनेची चाहूल २००३ च्या खेळातील एका शेवटात होतीच. पण तेथे विमान धावत होते आणि हात आपसूक गोळ्या झाडीत होता. समोर माणसे आहेत हे जाणवेपर्यंत ती मागे पडलेली असत. येथे कोणते विमान कोठे न्यायचे, कोणाला आधी पाडायचे, हे मी शांतपणे, घरे मोजून ठरवतो. हाताला जी माफी होती ती बुद्धीला मिळत नाही. वेग काढून घेतल्यावाचून ही बोचणी निर्माणच झाली नसती, आणि म्हणूनच हे रूपांतर मी मूळ कृतीच्या पंक्तीला बसवतो.

दुसरा भाग २००९ साली आला आणि त्या वेळी जपानपुरताच राहिला. त्याचे उपशीर्षक चमत्कारिक आहे : ‘ऑपरेशन बिटर चॉकलेट’. त्यात बायडोविरुद्धची मोहीम मागे पडून माणसांतच दोन तट पडले आहेत, आणि भांडण आहे ते बायडोपासून बनवलेली शस्त्रे वापरावी की नाही, याचे.