'क्रॅकडाउन': एका शब्दाचे मौन

कठोर कारवाई या अर्थी 'क्रॅकडाउन' हे नाम इंग्रजी वृत्तलेखनात पदोपदी आढळते. 'क्रॅक' व 'डाउन' मिळून झालेल्या क्रियापदापासून साधलेले हे नाम १९३० च्या दशकात अमेरिकन इंग्रजीत रूढ झाले.

क्रियापदाचे नाम झाले की कर्ता गाळता येतो, हा व्याकरणाचा सामान्य विशेष होय. येथे मात्र त्याचा परिणाम गंभीर आहे. मद्यपी वाहनचालकांना दंड करण्याची मोहीम हाही 'क्रॅकडाउन', आणि जून १९८९ मध्ये बीजिंग येथे सैन्याने निदर्शकांवर केलेला गोळीबार हाही 'क्रॅकडाउन'. पुढे येणारे 'ऑन' हे अव्यय केवळ लक्ष्य दाखविते. कोणी, कोणत्या कायद्यान्वये, किती बळ वापरले, हे सांगण्याचे बंधन लेखकावर उरत नाही.

मराठी अनुवादकास ही सोय सहजी लाभत नाही. 'धडक मोहीम' म्हणताच संमती सूचित होते, 'दडपशाही' म्हणताच निषेध. 'कारवाईचा बडगा' हा आपल्या वृत्तपत्रांचा आवडता पर्याय तटस्थ भासतो खरा. परंतु त्यातून बडगा उगारला गेला एवढेच कळते, तो कोणाच्या पाठीत कितपत बसला हे कळत नाही.

अनुवादकाची ही अडचण म्हणजे मराठीचे दारिद्र्य नव्हे. मूळ शब्दाने जो निर्णय टाळला, तो घेणे मराठीत भाग पडते. म्हणून दंड झाला असेल तेथे 'दंड' आणि गोळीबार झाला असेल तेथे 'गोळीबार' असेच लिहावे. प्रतिशब्दाचा हव्यास सोडून घटनेशी इमान राखणे, हाच येथे अचूक अनुवाद होय.