प्रकाश खरा, चित्र खोटे?

छायाचित्र म्हणजे प्रकाशाने लिहिलेला पुरावा, असे आपण वर्गात सहज सांगतो. विल्यम जॉन्सन यांचा मुंबईतील जातीजमातींचा छायाचित्रसंग्रह (दोन भाग, १८६३ व १८६६) पाहिला की हे विधान तपासावेसे वाटते. त्यातील अनेक चित्रांत माणसे एकीकडे टिपली, मागचे दृश्य दुसरीकडे. मग दोन्ही एकाच चित्रात जोडली. चांदीच्या क्षारांवर प्रकाशाची क्रिया दोन्ही वेळा खरीच झाली. पण ती माणसे तिथे उभी नव्हती! कारागिरी उत्तम, पुरावा मात्र कच्चा.

काटोलच्या उन्हात मुलांना शेजारी-शेजारी उभे करा. सगळ्यांच्या सावल्या एकाच दिशेला पडतील. उन्हातल्या कोणत्याही छायाचित्राला हीच कसोटी लावा. सावल्या जुळल्या नाहीत तर शंका घ्या. जुळल्या तरी लगेच विश्वास ठेवू नका.