भोंगा वाजल्यावर चॅटबॉटने काय बोलावे?

7 मे 2025 रोजी चंदीगडमध्ये नागरी संरक्षणाचा सराव झाला. 8 मेच्या रात्री शहरात ब्लॅकआउट झाला, आणि 9 मेच्या सकाळी हवाई हल्ल्याच्या शक्यतेमुळे खरेच भोंगे वाजले; घरातच राहा, बाल्कनीत येऊ नका, असे प्रशासनाने कळवले. 31 मे रोजी पुन्हा भोंगा वाजला, तो मात्र सरावाचा. आवाज तोच, अर्थ वेगळा. चॅटबॉटच्या प्रतिसादाचे परीक्षण करताना हे दोन दिवस शेजारी ठेवावेत.

समजा, पूर्वी आघात सोसलेली एक विद्यार्थिनी भोंगा ऐकून लिहिते, "हात थरथरताहेत, श्वास लागलाय." चॅटबॉट बहुधा साच्यातले उत्तर देतो: तुम्ही सुरक्षित आहात, दीर्घ श्वास घ्या, दिसणाऱ्या पाच वस्तूंची नावे सांगा. 31 मेला हे उत्तर चालून जाईल. 9 मेला त्यातले पहिलेच वाक्य निराधार आहे, कारण ती सुरक्षित आहे की नाही हे यंत्राला ठाऊक नाही. ट्रिगर म्हणजे जुन्या धोक्याची आठवण जागवणारी खूण (पाठ्यपुस्तकातल्या 'उद्दीपक' या शब्दाने तो अर्थ पुरता येत नाही, म्हणून इथे ट्रिगरच ठेवला आहे). पण खूण आणि धोका कधीकधी एकाच वेळी हजर असतात. म्हणून पहिला प्रश्न, "तुम्ही आत्ता कुठे आहात? प्रशासनाची सूचना काय आहे?" श्वासाचा व्यायाम त्यानंतर.

जागतिक आरोग्य संघटनेच्या 2011 च्या मानसशास्त्रीय प्रथमोपचार मार्गदर्शिकेत हाच क्रम आहे: पाहा, ऐका, जोडून द्या. यंत्राला 'पाहणे' जमत नाही, तेव्हा त्याने विचारले पाहिजे. 'ऐकण्या'तही गफलत होते. "तेव्हा काय घडले, सविस्तर सांगा," हा प्रश्न सहानुभूतीचा वाटतो; परंतु आघातानंतर एकाच बैठकीत सारे बोलून घेण्याने पुढचा आघातोत्तर ताण टळतो, याला 2002 च्या कॉक्रेन आढाव्यात आधार मिळाला नाही. तिने स्वतःहून सांगितले तर ऐकावे, उकरून काढू नये.

माझा मोठा आक्षेप मात्र अतिगोड उत्तरांवर आहे. "आवाज नको वाटतो ना, मग बाहेर जाऊच नका," असे दर वेळी सांगणारा चॅटबॉट त्या क्षणी दिलासा देतो आणि टाळाटाळीची सवय पक्की करतो. टाळलेली गोष्ट अधिकच भीतीदायक होत जाते. एड्ना फोआ यांची उपचारपद्धती टाळलेल्या गोष्टींकडे टप्प्याटप्प्याने परत नेते. तो उपचार प्रशिक्षित व्यक्तीचे काम आहे, चॅटबॉटने तो घरबसल्या सुरू करू नये. पण टाळाटाळीला खतपाणीही घालू नये.

राहिले 'जोडून देणे'. 10 ऑक्टोबर 2022 पासून सुरू असलेली टेलि-मानस सेवा 14416 वर विनामूल्य आहे आणि मराठीतही बोलता येते. तो क्रमांक पहिल्याच ओळीत फेकला, तर "इथून जा" असे ऐकू येते. चार वाक्ये ऐकून घेतल्यावर तोच क्रमांक मदत वाटतो. जिवाला धोका असल्याचे दिसले, तर अर्थातच थांबू नये.

31 मेच्या संध्याकाळसाठी मी उत्तर असे लिहीन: "भोंगा ऐकून थरथर सुटणे समजण्यासारखे आहे. आज शहरात सराव जाहीर झाला आहे. अधिकृत सूचना एकदा स्वतः पाहून घ्या. खोलीत सोबत कुणी आहे का?"