वांटणीचा हिशेब : एका जुन्या ग्रंथाचें पुनर्वाचन

ब्रिटिश हिंदुस्थानांतील प्रांतिक जमाखर्चाच्या उत्क्रांतीवरील डॉ. आंबेडकरांचा इंग्रजी ग्रंथ १९२५ सालीं लंडनांत प्रसिद्ध झाला. वांटणीच्या पैशानें सरकारची बुद्धि कशी फिरते हें समजून घेण्यास याहून उपयुक्त पुस्तक आम्हांस आजहि सुचवितां येत नाहीं.

१८७१ पासूनच्या व्यवस्थेचे ग्रंथकारांनीं तीन टप्पे पाडले आहेत : प्रथम ठराविक नेमणूक, १८७७ पासून नेमून दिलेलीं उत्पन्नें, आणि १८८२ पासून वांटून घेतलेलीं उत्पन्नें. तत्पूर्वीं प्रांतांनीं मागावें व कलकत्त्यानें द्यावें अशी रीत होती. कमी मागणारा तेवढा मूर्ख ठरे. पुढें दर पांच वर्षांनीं करार नवा होऊं लागला, तेव्हां शिल्लक टाकणारा प्रांतच वरच्या सरकारच्या नजरेंत भरे. मग काटकसर करावी कोणीं? ग्रंथकारांचें मुख्य म्हणणें मात्र याहून खोल आहे. प्रांतांना हक्क असा नव्हताच; होतें तें केवळ मुखत्यारपत्र.

आमची तक्रार एवढीच कीं, ठरावांच्या आणि आंकड्यांच्या गर्दींत गांव व माणूस फारसे दिसत नाहींत. ते पाहण्यास रांजणगांवीं यावें. महागणपतीच्या या गांवीं आज औद्योगिक वसाहत आहे. मोटारी होतात, कपडे धुण्याचीं यंत्रें होतात. येथील मोटार लखनौच्या व्यापाऱ्यास विकली, तर पूर्वीं केंद्रीय विक्रीकराचे शेंकडा दोन महाराष्ट्राच्या पदरांत पडत. १ जुलै २०१७ पासून वस्तु व सेवा करांतील राज्याचा वांटा माल जेथें खपतो तेथें जातो. जमीन, पाणी, रस्ता आमचा. कर उत्तर प्रदेशाचा! कामगारांचा पगार शिरूरच्या बाजारांत खर्च होईल तेवढ्यावरच येथील सरकारनें समाधान मानावयाचें. शिवाय शेंकडा १४ वाढीहून जें कमी पडेल तें भरून देण्याची केंद्राची हमी जून २०२२ पर्यंत होती. हमी असतां वसुलीसाठीं कोण झिजेल?

पंधराव्या वित्त आयोगानें २०२१ ते २०२६ साठीं ठरविलेल्या सूत्रांत उत्पन्नाच्या तफावतीस शेंकडा ४५ भार, आणि कर-प्रयत्नास अवघा अडीच. महाराष्ट्राचा वांटा सुमारें ६.३, बिहारचा दहा. आमच्याकडील मंडळी यावर संतापतात. हें लिहितांना आम्हीहि थोडे संतापलों होतों. परंतु रांजणगांवच्या यंत्रावर उभ्या असलेल्या बिहारी तरुणाचें शिक्षण त्याच्या राज्यानें केलें, त्याच्या श्रमाचें फळ येथें पडलें. तो खर्च कोणत्या बाजूस मांडावा? वांटणीस आमचा आक्षेप नाहीं; झटून वसूल करणारा व हात बांधून बसणारा जींत जवळजवळ सारखेच ठरतात, त्या वांटणीस आहे.

आणि हक्क कीं मुखत्यारपत्र हा ग्रंथांतील प्रश्न मिटलेला नाहीं. कराचे दर आतां परिषदेंत ठरतात. तेथें केंद्राच्या मतास एक तृतीयांश वजन, आणि निर्णयास तीन चतुर्थांश लागते. राज्याच्या स्वतःच्या हुकमतींत मोठीं अशीं मद्य, पेट्रोल आणि दस्तांचा मुद्रांक हींच उत्पन्नें काय तीं उरलीं. २०२५ सालीं महाराष्ट्रानें दारूवरील उत्पादनशुल्क वाढविलें, याचें आम्हांस नवल वाटलें नाहीं.