गोंदण : एका जुन्या नोंदीचे वाचन

आजीच्या चेहऱ्यावरचे गोंदण हा चंद्रपूर-गडचिरोलीच्या वर्गात सहज निघणारा विषय आहे. त्यावर जुने काही शोधू लागलो की आपण रसेल आणि हिरालाल यांच्या मध्य प्रांतातील जातीजमातींवरच्या चार खंडी इंग्रजी ग्रंथापाशी (१९१६) पोचतो. आजच्या या दोन जिल्ह्यांचा बहुतेक भाग तेव्हा त्याच प्रांताच्या चांदा जिल्ह्यात होता.

गोंडांवरील प्रकरणातली गोंदणाची नोंद छोटी पण बारकाईची आहे. गोंदण शक्यतो लग्नाआधी, माहेरी व्हावे, नंतर झाल्यास खर्च आईवडिलांचा, रंग निळीचा, नक्षीत जनावरे आणि घरातल्या वस्तू. हे झाले निरीक्षण. मंडल्याच्या बायकांच्या पायांवरील रेघा मात्र चढण चढायला बळ यावे म्हणून असाव्यात, असा लेखकांचा तर्क आहे. तो त्यांनी ‘कदाचित’ म्हणूनच मांडला आहे. प्रकल्पाच्या वहीत उतरवताना तो ‘कदाचित’ गळतो आणि मंडल्याची गोष्ट माडियांची होऊन बसते. निरीक्षण आणि तर्क यांतला फरक मुलांना दाखवायला हा उतारा चांगला आहे.

आमची खरी तक्रार पुढे आहे. मुलीला सोबतिणी दाबून धरतात आणि तिच्या किंकाळ्या वाटसरूला ऐकू येतात, हे फॉर्सिथचा हवाला देऊन ग्रंथ सांगतो आणि लगेच नक्षीकडे वळतो. तिला ते हवे होते का, जखम पिकली का, एकच सुई किती जणींना लागली, हे तो विचारत नाही.

हे प्रश्न आज जत्रेतल्या गोंदणाच्या यंत्रालाही लागू आहेत. सुई कातडीच्या आतल्या थरात जाते. तिथल्या भक्षक पेशी रंग गिळतात; त्या मेल्या की नव्या पेशी तोच रंग गिळतात, असे २०१८ साली फ्रान्समध्ये उंदरांवरील प्रयोगांत दिसले. म्हणून गोंदण टिकते. पण दुसऱ्याचे रक्त लागलेल्या सुईबरोबर हिपॅटायटिस बी आणि सी या काविळींचे विषाणूही आत जाऊ शकतात. काहींच्या कातडीवर व्रणाची जाड गाठ उठते. प्रत्येकाला नवी, सीलबंद सुई आणि वेगळा काढलेला रंग, एवढा आग्रह तरी धरायलाच हवा.

शहरात शिकायला गेलेल्या मुलीला चेहऱ्यावरचे गोंदण काढावेसे वाटले तर? लेसरने रंगाचे कण फुटतात, पण अनेक खेपा घालाव्या लागतात, खर्च होतो आणि सावळ्या कातडीवर फिकट किंवा काळसर डाग राहू शकतो. घरी चुना किंवा आम्ल लावले तर भाजल्याचा व्रण उरतो. आहे तसे राहू देणे हाही पर्याय आहे. मात्र वर्गात तिला कोणी हसत असेल, तर तो नावापुरताच.

हा उतारा वर्गात जरूर वाचावा. ग्रंथाने न विचारलेले प्रश्न मुलांनी घरी आजीला विचारून यावे.